खुर्ची आहे तिथेच आहे

आबांचा जन्म उजेडातच झाला असणार, पण त्यांची उभी हयात अंधारात गेली आणि त्याबद्दल त्यांची कधी काही तक्रार नव्हती. ते एका फोटो स्टुडिओत फोटो धुवायचे. पुढच्या खोलीत मालक दिव्यांच्या झगमगाटात मिरवत गिऱ्हाइकांना हनुवटी वर करा, खांदे सैल सोडा, असं सांगायचा आणि मागच्या बिनखिडकीच्या खोलीत आबा त्याच गिऱ्हाइकांचे चेहरे पाण्यातून वर काढायचे. मालक त्यांना घुबड म्हणायचा. आबांना राग यायचा नाही. घरी आल्यावर ते बायकोला सांगायचे, घुबडाला निदान डोळे तरी लागतात, माझं त्यांच्यावाचूनही अडत नाही.

यात बढाई फारशी नव्हती. काळे-पांढरे फोटो लाल दिव्याखाली धुता येत, पण फिल्म धुवायची किंवा रंगीत कागद हाताळायचा म्हणजे तो लाल दिवाही बंद. मिट्ट काळोख. त्या काळोखात आबा कात्री, चिमटा, ट्रे सगळं न चाचपडता उचलायचे. फिल्मची मसाल्याची, म्हणजे रसायनाचा थर असलेली बाजू कुठली ते कळलं नाही तर तिचा कोपरा हळूच ओठाला लावून बघायचे, जी बाजू चिकटली ती मसाल्याची. लाल दिव्याखाली काम असलं की मात्र ते तासन्‌तास हरवून जात. ट्रेमधल्या कोऱ्या कागदावर आधी भुवया उमटायच्या, मग डोळ्यांच्या बाहुल्या, मग कुठल्या तरी अनोळखी बाळाचं हसू पाण्याखाली हळूहळू जमून यायचं. एवढी वर्षं रोज बघूनही आबांना त्याचा कंटाळा आला नाही. आपण झोपेत नाही ना, असं त्यांना पुष्कळदा वाटायचं आणि असलो तरी काय बिघडलं, असंही वाटायचं.

पण स्वप्नाळू माणसाचंही त्या खोलीत नियमावाचून चालत नसे. फोटोचा कागद काळ्या वेष्टनात गुंडाळून खोक्यात भरलेला यायचा. त्याला डोळ्याची पापणी लवण्याइतका उजेड लागला तरी अख्खा खोका कचऱ्यात. म्हणून आधी दाराची कडी, मग दिवा बंद, मग खोक्याचं झाकण. आणि काम झालं की उलट क्रमानं: आधी झाकण, मग दिवा, मग कडी. बाहेर कुणी बोंब मारो, आग लागो, हा क्रम चुकवायचा नाही. आबांच्या हातांना तो इतका पाठ झाला होता की डोक्याला त्यात लक्षच घालावं लागत नसे.

पुढे कॉम्प्युटर आले, मोबाइल आले. फोटो मोबाइलमध्येच जन्मून मोबाइलमध्येच मरायला लागले. स्टुडिओला टाळं लागलं. आबांची बायको त्याआधीच गेली होती. आबांच्या नखांवरचे तपकिरी डाग गेले, बोटांना येणारा हायपोचा, म्हणजे फोटो पक्के करायच्या रसायनाचा वास गेला आणि दुपार नावाचा एक भला मोठा प्रकार असतो हे त्यांना उतारवयात पहिल्यांदाच कळलं. तो भरून काढला नातीनं.

नातीला सगळे ठकू म्हणत. ठकू चार वर्षांची, गालांनी गुबगुबीत आणि स्वभावानं ठाणेदार. आबांची लेक आणि जावई दोघंही नोकरीला, म्हणून बालवाडी सुटल्यापासून संध्याकाळी लेक घरी येईपर्यंत ठकू आबांच्या ताब्यात असायची, किंवा खरं सांगायचं तर आबा ठकूच्या. दोन गल्ल्या ओलांडून ते लेकीच्या घरी येत, ठकूला भरवत, तिच्या हुकमानं घोडा होत, डॉक्टर होत आणि बऱ्याचदा आजारी पडलेला हत्ती होत.

अशा या ठाणेदारीणबाईंना अंधाराची भीती वाटायची. पलंगाखाली गेलेला चेंडू त्या काढत नसत. बाथरूमचा दिवा त्यांना दिवसाढवळ्याही लागे. आबांना याचं मनातून नवल वाटायचं. पाण्याला भ्यावं, कुत्र्याला भ्यावं, पण अंधारानं कुणाचं काय घोडं मारलंय, असं त्यांना वाटे. लेक मात्र वाचणारी. तिनं मुलांच्या वाचनालयातून अंधाराची भीती घालवणारी चित्रांची पुस्तकं आणायचा सपाटा लावला. एका पुस्तकात ससा अंधाराला जेवायला बोलावतो आणि मग भांडी त्याच्याकडून घासून घेतो. दुसऱ्यात एका काजव्याला स्वतःच्या उजेडाची लाज वाटते. तिसऱ्यातलं अस्वल इतक्या जोरात शिंकतं की रात्र घाबरून डोंगरापलीकडे जाऊन बसते.

ठकूला ही पुस्तकं जीव की प्राण होती. पुस्तकात जे घडेल ते तिनं करायचंच, हा तिचा रिवाज. अस्वल शिंकलं की तिनं शिंकायचं, अंधारानं भांडी घासली की आबांनी ताट उचलायचं. आबाही आवडीनं वाचून दाखवत, फक्त मधूनमधून त्यांच्यातला जुना कारागीर कुरकुरायचा. हा कुठला काळा, हा तर निळा, काळी शाई वाचवलीय लेकांनी, असं ते पुटपुटत. आणि एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली होती, तिचं त्यांना हसूही यायचं: अंधाराची ही सगळी पुस्तकं वाचायला आधी दिवा लावावा लागतो. पुस्तक मिटलं, दिवा घालवायची वेळ आली की ससा नाही आणि अस्वलही नाही, ठकू पुन्हा रडायला मोकळी.

मग ती दुपार आली.

आबांनी पेठेतून ठकूसाठी एक नवंकोरं पुस्तक विकत आणलं होतं, मुखपृष्ठावर चांदणीनं पांघरूण घेतलेलं. तिला गंमत म्हणून द्यायचं तर ते कशात तरी घालून द्यावं, असं त्यांच्या मनात आलं. घरी फोटोच्या कागदाचा एक जुना खोका पडला होता. पुस्तक त्यात अगदी मापाचं बसलं, आतलं काळं वेष्टनही अजून शाबूत होतं. उन्हाचे दिवस, म्हणून ठकूच्या खोलीचे जाड पडदे ओढलेले आणि दिवा लावलेला. ठकू पलंगावर मांडी घालून बसली होती. आबा खोका घेऊन खोलीत आले आणि म्हणाले, ओळख बघू यात काय आहे.

आणि त्यांच्या हातांनी दाराला कडी घातली, दिवा बंद केला आणि झाकण उघडलं.

ठकू किंचाळली. तशी ती आधी कधी किंचाळली नव्हती. आता कुणीही सांगेल की माणसानं अशा वेळी झटकन दिवा लावावा. आबांचा हात बटणाकडे गेला नाही. खोका उघडा होता. उघड्या खोक्यावर दिवा लावायचा नसतो. पोर टाहो फोडत होती आणि आबांच्या बोटांनी आतलं काळं वेष्टन नीट दुमडलं, त्याच्या कडा आत खोचल्या, झाकण बसवलं, चारही कोपरे दाबून पाहिले आणि मगच दिवा लावला. खोक्यात जपण्यासारखा कागद नव्हता, पांघरूण घेतलेल्या चांदणीचं पुस्तक होतं, हे त्यांना दिवा लागल्यावर आठवलं. ठकू भिंतीला पाठ लावून आबांकडे बघत होती.

संध्याकाळी लेक आली तेव्हा ठकू बूट घालून बाहेरच्या दारापाशी बसलेली होती. तिनं आईला एवढंच सांगितलं की आबा अंधार करतात. त्यानंतर आबा असलेल्या खोलीत ती एकटी थांबेना. घोडा बंद, हत्ती बंद. आबा दिसले की ती आधी त्यांच्या हातात काय आहे ते बघायची. तो आठवडा लेकीनं रोज अर्धी रजा काढून भागवलं, पण रोज कोण रजा देणार. शेवटी तिनं जवळच्या पाळणाघरातल्या बाईंशी बोलून ठेवलं. सोमवारपासून ठकू दुपारी तिकडे जाणार होती.

आबांनी लेकीला सगळं जसं घडलं तसं सांगितलं. कडी, दिवा, झाकण, सगळं. हातांनी केलं गं, मी नाही केलं, असंही म्हणाले आणि आपलंच बोलणं ऐकून खजील झाले. लेकीनं आवाज चढवला नाही. ती कपड्यांच्या घड्या घालत होती, तशीच घालत राहिली.

"लहानपणी तुम्ही मला एकच गोष्ट अगदी पक्की शिकवली होती, बाबा," ती म्हणाली. "स्टुडिओत तुमच्या दारावरचा लाल दिवा चालू असला की दार वाजवायचं नाही. मी बाहेर उभी राहायची. किती वेळ उभी आहे, ते तुम्ही कधी विचारलं नाहीत."

आबा आपल्या खोलीवर गेले आणि जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून मोकळ्या पडलेल्या दुपारी ते मुलांच्या वाचनालयात जाऊ लागले. तिथल्या बाई त्यांना ओळखत होत्या. आज नात नाही आणली, असं त्यांनी विचारलं, तेव्हा आबांनी तिला बरं नाही असं ठोकून दिलं आणि अंधाराची असतील नसतील तेवढी पुस्तकं मागितली. बाईंनी ढीग आणून ठेवला. मोठ्यांसाठी तिथे खुर्च्या नव्हत्याच, तेव्हा आबा त्या वीतभर खुर्चीवर बसले, गुडघे हनुवटीशी आले आणि एकामागून एक पुस्तक वाचत सुटले. शेजारी एक मुलगी जमिनीवर पालथी पडून त्याच ढिगातलं पुस्तक बघत होती. कोपऱ्यात पंखा फिरत होता, त्याच्या वाऱ्यानं उघडी पानं आपोआप उलटायची. वाचता वाचता आबांचे डोळे जड व्हायचे आणि मग कुठलं पुस्तकातलं आणि कुठलं आपलं, हे त्यांना कळेनासं व्हायचं. लाल दिवा लागलेला असे. ट्रेमधल्या पाण्यात आधी सशाचे कान वर यायचे, मग अस्वलाचं नाक, मग डोक्यावरून पांघरूण घेतलेली चांदणी. त्यांच्यामागून पाण्याच्या अगदी तळाशी दोन वेण्या घातलेली एक मुलगी दिसायची. ती त्यांची लेक होती की नात, ते ओळखू येण्याआधीच जाग यायची, कारण कुणीतरी पान उलटलेलं असायचं.

तिसऱ्या की चौथ्या दुपारी अशाच गुंगीतून जागं होताना त्यांना एक गोष्ट दिसली आणि मग त्यांनी अख्खा ढीग पुन्हा पहिल्यापासून चाळला. सगळ्या पुस्तकांत अंधार एक तर सूर्य बुडाला की आपोआप यायचा, नाहीतर कुणी मोठं माणूस दिवा घालवून निघून जायचं. एकाही पुस्तकात मुलानं स्वतः दिवा घालवला नव्हता. ठकूच्या बाबतीत तर अंधार आपोआपही आला नव्हता. तो तिच्या आबांनी केला होता, कडी घालून केला होता. ती अंधाराला भीत होतीच, पण आता ती अंधार करणाऱ्यालाही भीत होती. आबांना वाटलं, हे आपल्याला कळायला एवढे दिवस लागले, आपल्यासारखा ठोंब्या आपणच.

त्यांनी बाईंना विचारलं की पुस्तक स्वतः करायचं झालं तर काय लागतं. बाई म्हणाल्या, कागद, सुई-दोरा आणि थोडा निर्लज्जपणा. तिसरी गोष्ट आबांना मिळवावी लागणार होती, पहिल्या दोन घरात होत्या. जुन्या खोक्यांमधल्या काळ्या कागदाची एक चळत त्यांनी कशासाठी कोण जाणे जपून ठेवली होती. पांढरी पेन्सिल वाण्याच्या शेजारच्या दुकानात मिळाली. आता अडचण एवढीच होती की आबांना चित्र काढता येत नव्हतं. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांनी काढलेली चित्रं वर काढली होती. त्यांनी ठकूच्या खोलीतली खुर्ची आठवून काढली, ती बसलेल्या शेळीसारखी दिसायला लागली. खोडलं, पुन्हा काढलं. आता ती उभ्या शेळीसारखी दिसत होती, पण तिला पाठ आणि चार पाय होते. आबांनी ती तशीच ठेवली.

पुस्तक फार सोपं होतं. पहिल्या पानावर एक मुलगी स्टुलावर उभी आणि खाली लिहिलेलं: ठकूनं दिवा घालवला. पुढे डाव्या पानावर पांढऱ्या रेघांची खुर्ची आणि उजवं पान नुसतं काळं, त्यावर काहीच नाही, फक्त तळाशी एक ओळ: खुर्ची आहे तिथेच आहे. मग बूट आणि काळं पान. बूट आहेत तिथेच आहेत. मग पेला, मग एका कानाची बाहुली, मग दार. मग स्वयंपाकघरात उभी असलेली आई. आई स्वयंपाकघरात आहे. शेवटी स्वतः ठकू. ठकू आहे तिथेच आहे. आबांना जगात जेवढं नक्की माहीत होतं, तेवढं सगळं त्या पानांत उतरलं होतं.

ठकूनंतर आणखी एक कागद उरला होता. त्यावर आबांनी स्वतःची खूण म्हणून आपला चष्मा रेखाटायला घेतला. बराच वेळ पेन्सिल धरून बसले आणि मग तो कागद बाजूला ठेवून त्यांनी पुस्तक शिवून टाकलं.

रविवारी दुपारी ते लेकीकडे गेले. पुस्तक त्यांनी ठकूला दिलंच नाही, लेकीच्या हातात दिलं आणि आपण स्वयंपाकघरात जाऊन बसले. लेकीनं ते उभ्या उभ्या चाळलं. त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि ती ठकूच्या खोलीत गेली. आबांना आतलं वाचन ऐकू येत होतं. एकदा झालं, पुन्हा झालं, ठकूनं तिसऱ्यांदा वाचायला लावलं. मग स्टूल ओढल्याचा आवाज आला. बटणाचा टक्‌ असा आवाज, लगेच पुन्हा टक्‌. परत टक्‌, आणि या वेळी दुसरी टक्‌ यायला जरा वेळ लागला. आबा टेबलाची कड धरून बसले होते. टक्‌ आणि टक्‌ यांच्यामधलं अंतर वाढत चाललं होतं, आणि कुणी किंचाळत नव्हतं.

थोड्या वेळानं ठकू पुस्तक छातीशी धरून स्वयंपाकघराच्या दारात आली. आबांच्या दोन्ही हातांत काही नाही, हे तिनं आधी बघून घेतलं.

"तू ये," ती म्हणाली. "खुर्चीवर बसायचं. उठायचं नाही. दिवा मी घालवणार."

ठकूपाठोपाठ आलेली लेक त्यांच्या मागोमाग निघाली, तिला ठकूनं अडवलं. पुस्तकात आई स्वयंपाकघरात आहे, तेव्हा तिनं स्वयंपाकघरातच राहायला हवं होतं. लेक निमूट परत फिरली.

आबा खुर्चीवर बसले, हात मांडीवर ठेवले. पडदे ओढलेले होते. ठकू स्टुलावर चढली, तिनं एकवार सगळ्या खोलीवर नजर फिरवली, बूट, पेला, बाहुली, आबा, आणि दिवा घालवला. मग ती तिथेच स्टुलावर बसून वाचू लागली. तिला अक्षरं येत नव्हती आणि आली असती तरी दिसली नसती, पण एव्हाना पुस्तक तिला तोंडपाठ होतं. पान उलटल्याची सळसळ यायची आणि मग तिचा आवाज. खुर्ची आहे तिथेच आहे. बूट आहेत तिथेच आहेत. सुरुवातीला आवाज जरा कापरा होता, दारापर्यंत येता येता तो ठाणेदारासारखा झाला. आबांना वाटलं आपण फार दूर कुठेतरी तरंगत आहोत आणि एकेक वस्तू आपापली हाक ऐकून त्या काळोखात जमते आहे. ठकू आहे तिथेच आहे, असं म्हणून ती थांबली.

"यात आबा नाहीत," ती म्हणाली.

"नाहीत."

"का?"

तुला भीती वाटेल म्हणून, असं आबा म्हणाले.

मग पान उलटल्याचा आवाज आला. आबांनी ते पुस्तक स्वतः शिवलं होतं. त्यात आता एकही पान उरलं नव्हतं.

"मग आबांनी अंधार केला," ठकूनं वाचलं. "मुलगी खूप ओरडली. आबांना ऐकूच नाही आलं."

"आलं होतं," आबा म्हणाले.

"मग?"

"मग आबा आधी खोका लावत बसले. आबा चुकले."

"खूप?"

"खूप चुकले."

सगळ्या जन्मात आबांना अंधारात एखादी गोष्ट सापडली नाही असं झालं नव्हतं. आता मात्र दोन पावलांवर बसलेल्या त्या पोरीच्या चेहऱ्यावर काय आहे, ते त्यांना कळेना आणि पहिल्यांदाच त्यांना अंधाराची भीती वाटली. हात पुढे करावा असं फार वाटत होतं. त्यांनी तो मांडीवरच दाबून धरला.

पुन्हा एक पान उलटल्याचा आवाज आला.

"मग ती मुलगी आबांच्या मांडीवर जाऊन बसली," ठकूनं वाचलं. स्टूल सरकलं. अनवाणी पावलं फरशीवरून आली, एक गुडघा आबांच्या पोटात रुतला, पुस्तकाचा कोपरा हनुवटीला लागला आणि मग तिचं सगळं ओझं त्यांच्या मांडीवर आलं.

"संपलं," ती म्हणाली. "उद्या दुपारी दुसरं वाचू."